धान्याच्या माळ्याची जमीन

पौष महिना व माघाचा पूर्वार्ध हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत माळे रिकामे असण्याचे दिवस होत. मागील सालची ज्वारी खाऊन-विकून सरत आलेली असते, खरिपाची बाजरी बहुधा खालींच कोठींत असते, आणि रब्बीची मालदांडी अद्याप शेतांत उभी असते. माळ्याच्या जमिनीचें काम ज्यांस करावयाचें असेल त्यांनीं तें याच दिवसांत उरकावें. एकदां पोतीं वर चढलीं म्हणजे वर्षभर त्या कामास मुहूर्त लागत नाहीं, हा सर्वांचाच अनुभव आहे.

शेतकरी मंडळींत बसलें असतां मला नेहमीं एक प्रश्न विचारण्यांत येतो. "भाऊसाहेब, माळ्यावर काय टाकावें? फळ्या, शहाबादी फरशी, प्लायवूड, कीं जुनी मातीच बरी?" मी सुतार नव्हे कीं गवंडी नव्हे. तीसएक वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली व पावसाळ्यांत पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिले, एवढीच माझी या विषयांतील पात्रता. परंतु ढिगाऱ्याशेजारीं तास-तास उभें राहून लिहावें लागलें म्हणजे तुळईचें टोक, मातीचा थर, पोत्यांची जागा या गोष्टी आपोआप डोळ्यांत भरतात. कारणाच्या रकान्यांत आम्ही 'अतिवृष्टि' असें लिहीत असूं, आणि तें खोटेंहि नसे. मात्र त्याच पावसांत शेजारचें तसलेंच घर उभें राहिलेलें असे, व पुष्कळ वेळां दोहोंत फरक एवढाच दिसे कीं, शेजाऱ्याचा माळा रिकामा होता.

येथें माळा म्हणजे माळवद नव्हे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. माळवद हें घराचें मातीचें छत. पाऊस व ऊन अडविणें हें त्याचें काम. माळा म्हणजे त्या छताखालचा व माणसांच्या डोक्यावरचा मजला, जेथें आपण धान्य, बी-बियाणें, रिकामीं पोतीं, जुनीं भांडीं ठेवितों. दोहोंची बांधणी आपल्याकडे बहुधा एकच असते: भिंतींवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांची किलचण, तिजवर पाला व मातीचा थर, आणि वर शेणाचें सारवण. छतास जें योग्य तेंच माळ्यासहि योग्य, असें आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललों आहों. माझ्या मतें घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

आमच्या शेवगांव तालुक्यांतील जुन्या घराची गोष्ट सांगतों. १९८८ सालीं पाऊस चांगला झाला होता, व १९८९ च्या मार्चमध्यें ज्वारी घरांत आली ती आजवर कधीं आली नव्हती इतकी. खालीं जागा उरली नाहीं म्हणून वडिलांनीं क्विंटलाचीं चाळीस पोतीं माळ्यावर चढविलीं. चढविण्यांत मीहि होतों. त्या माळ्याखालीं माझी आजी निजत असे. आठ-दहा दिवस गेले, आणि एके रात्रीं बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. आजीची झोप सावध असल्यामुळें ती उठून दारापर्यंत आली, तोंच दुसरी कडी मोडली व पंधराएक पोतीं मातीसकट तिच्या रिकाम्या खाटेवर आलीं. खाटेचे चारी पाय मोडले. आजी त्यानंतर अकरा वर्षें जगली, पण पुन्हां कधीं माळ्याखालीं निजली नाहीं. थंडीच्या दिवसांतहि ती ओसरीवर अंथरूण टाकी.

त्या वेळीं आम्हीं दोष लांकडास दिला. पुढें नोकरींत मोजमापाची संवय लागल्यावर मीं एकदां कागद घेऊन हिशेब मांडला, तो वाचकांपुढें ठेवितों.

खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट. मातीचा थर चार इंच होता. एक घनफूट दाबलेली कोरडी माती सुमारें ४५ किलो भरते. म्हणून चार इंच मातीचें वजन दर चौरस फुटास १५ किलो, आणि सबंध माळ्यावर १८ क्विंटल. त्यावर ज्वारी ४० क्विंटल, म्हणजे दर चौरस फुटास ३३ किलो. दोन्ही मिळून ४८. कड्या पांच होत्या व त्या दोन-दोन फुटांवर होत्या. प्रत्येकीच्या वांट्यास २० चौरस फूट जागा, म्हणजे साडेनऊ क्विंटलांहून अधिक भार. आतां तुलना पाहावी. राहत्या घराचा मजला बांधतांना माणसें व सामान यांच्यासाठीं दर चौरस मीटरास २०० किलो भार धरण्याचा अभियंत्यांचा प्रघात आहे, म्हणजे दर चौरस फुटास १८-१९ किलो. एक घनफूट ज्वारी वीस-एकवीस किलो भरते. याचा अर्थ असा कीं, जो मजला माणसांच्या वावरासाठीं केलेला आहे त्यावर ज्वारीची रास एक फूट उंच झाली कीं त्याची मर्यादा संपली. आणि चार इंच माती म्हणजे सुमारें नऊ इंच ज्वारीच होय. ती पेरलीहि नाहीं, खाल्लीहि नाहीं, पण कडीवर बारा महिने बसून आहे.

म्हणून माळ्यावर काय टाकावें याचें उत्तर शोधण्यापूर्वीं तें कशावर टाकावयाचें हें पाहिलें पाहिजे. आमचा माळा पुन्हां घातला तेव्हां आलेला म्हातारा सुतार शिडीवरून वर चढलाच नाहीं. "भाऊसाहेब, फळीचें मागाहून बघूं, आधीं कडी बघूं," असें म्हणून तो खालूनच कडीच्या टोकांना खिळा टोंचीत खोलीभर फिरला. ही परीक्षा कोणासहि करितां येईल. कडी भिंतींत जेथें शिरते तेथें लांब खिळा जोरानें टोंचावा. निरोगी लांकडांत तो पाव इंचहि जात नाहीं, कुजलेल्यांत बोटभर जातो. कडी मध्यें कधींच कुजत नाहीं असें नाहीं, परंतु बहुधा ती टोंकाशीं कुजते, कारण भिंतीची ओल तेथें मुरते. आमच्या ज्या दोन कड्या मोडल्या त्यांचीं टोकें पन्हळीचें पाणी मुरणाऱ्या भिंतींत होतीं. टोकाभोंवतीं चिखल ठांसून भरूं नये. खालीं सपाट कोरडा दगड ठेवून बाजूंस व मागें बोटभर हवा राहूं द्यावी. वाळवीची माती दिसली तर ती नुसती खरवडून काढणें म्हणजे पंचनामा न करितां फाईल बंद करणें होय. वारूळ कोठें आहे तें शोधून औषधोपचार करावा आणि पोखरलेली कडी बदलावी.

दुसरी गोष्ट कडी ठेवण्याची. आमच्या जुन्या कड्या बाभळीच्या, चार इंच रुंद व तीन इंच जाड, आणि त्या आडव्या ठेविलेल्या होत्या. आडवी कडी दिसावयास भक्कम दिसते, पण ताकद उंचीची असते. रुंदी दुप्पट केल्यास ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केल्यास ती चौपट होते, व वांकण्यास होणारा विरोध आठपट. नव्या माळ्यास आम्हीं सागवानी कड्या तीन इंच रुंद व सहा इंच उंच अशा उभ्या बसविल्या. एका कडीची ताकद तेवढ्यानें, लांकडाचा फरक सोडला तरी, तिप्पट झाली. शिवाय पांचांच्या जागीं दीड-दीड फुटावर सात कड्या घातल्या. आज तींच चाळीस पोतीं फळीच्या जमिनीवर ठेविलीं तर एका कडीवर सव्वापांच क्विंटल येतात. पूर्वीं साडेनऊ येत. हीं मापें दहा फूट गाळ्याचीं आहेत. गाळा बारा-पंधरा फुटांचा असेल तर त्याच मापाच्या कड्या चालणार नाहींत. लांबी दीडपट झाली कीं ताण सव्वादोनपट होतो. तेथें मध्यें तुळई व खांब घ्यावा, किंवा जाणत्या अभियंत्यास विचारावें.

आतां जमिनीकडे वळूं.

माती वाईट नाहीं. ती थंड असते, खालच्या चुलीची ठिणगी वर जाऊं देत नाहीं, फुकट मिळते, आणि सांडलेला दाणा फटींतून खालीं पडत नाहीं. पण वजनाचा हिशेब वर आलाच आहे. त्यांत सारवणाची ओल असते, आणि उंदीर तीत सुखानें बिळें करितात. छतावर पांढरीची माती असूं द्यावी. माळ्यावरून ती काढून टाकावी, असें माझें स्पष्ट मत आहे. (पांढर खणण्यावरून एक गोष्ट आठवली. जुन्या गांवठाणाचीं टेकाडें सर्रास खणून माती नेण्याची आपली संवय सोडण्याजोगी आहे. श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबादच्या टेकाडावर १९७४ सालीं काशाचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सांपडले. हजारों वर्षांपूर्वींच्या वस्तीचा तो ठेवा होता. संरक्षित टेकाडावर कुदळ घालणें हा गुन्हाहि आहे.)

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागांत, घाटघर-रतनवाडीकडे, पाऊस इतका कीं मातीच्या छताचा विचारच नको. तेथें उतरतीं छपरें आणि बांबूच्या माळ्यांची चाल आहे. चुलीचा धूर बांबूच्या फटींतून वर जातो, भात व बियाणें कोरडें राहतें, व किडीचा उपद्रव कमी होतो. हलका भार आणि भरपूर हवा हा त्या जमिनीचा गुण. मात्र बांबू ताजा तोडून घालूं नये. त्यांत जो गोड सत्त्वांश असतो त्यावर भुंगेरा येतो व वर्ष-दोन वर्षांत पिठासारखा भुगा गळूं लागतो. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवून मग सावलींत वाळविलेला बांबू पुष्कळ अधिक टिकतो. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांत पोत्यांच्या माळ्यास मी बांबू सुचविणार नाहीं; घरखर्चाचा लसूण व बियाण्याचीं कणसें यांसाठीं तो उत्तम.

शहाबादी फरशी व लोखंडी गर्डर यांची चाल गेल्या कित्येक वर्षांत गांवोगांव पडली आहे. वाळवी नाहीं, उंदीर पोखरीत नाहीं, धुतां येते. एक इंची फरशी दर चौरस फुटास सहा किलोंहून थोडी अधिक भरते, म्हणजे मातीच्या निम्म्याहून कमी. गर्डर असेल तेथें ती अवश्य घालावी. परंतु जुन्या लांकडी कड्यांवर फरशी टाकलेली मीं पाहिली आहे, ती चूक होय. लांकूड वांकतें, दगड वांकत नाहीं. तो तडकतो, आणि तडकलेला तुकडा डोक्यावर येतो. शिवाय पावसाळ्यांत थंड फरशीवर दंव धरतें, म्हणून तिजवर पोतें उघडें ठेवूं नये, खालीं फळ्यांचा तराफा घ्यावा.

राहिल्या फळ्या व प्लायवूड. सागवानी फळी एक इंच जाड असल्यास चौरस फुटास दीड-दोन किलोच भरते. साग परवडत नसेल तर निंबाची फळी घ्यावी. तिला कीड सहसा लागत नाहीं, फक्त ती नीट वाळलेली असावी. आंब्याची फळी स्वस्त म्हणून घेतात, ती वांकते व पोखरली जाते. प्लायवूड घ्यावयाचें तर पाऊण इंची, आणि पाण्यास टिकणाऱ्या प्रतीचें, दुकानदार 'बी.डब्ल्यू.आर.' म्हणतात तें. नुसत्या 'एम.आर.' प्रतीवर छताचें पाणी ठिबकलें कीं थर सुटूं लागतात. भुशाचे दाबलेले तक्ते तर माळ्यावर आणूंच नयेत. एका पावसाळ्यांत ते पापडासारखे फुगतात.

बसविण्याची रीत थोडक्यांत सांगतों. जुनी माती काढतांना ती एका कोपऱ्यांत ढीग करूं नये. थोडी थोडी भरून लगेच खालीं उतरवावी, आणि त्या दिवशीं खालीं कोणीं बसूं नये. नव्या फळ्या महिनाभर त्याच घरांत हवेशीर रचून ठेवाव्या, म्हणजे घराच्या हवेप्रमाणें त्यांचें आकसणें आधींच होऊन जातें. आपल्याकडील वैशाखाचें ऊन असें कीं, ओली फळी बसविल्यास दोन फळ्यांत बोट जाईल एवढी फट पडते. फळी कड्यांस आडवी टाकावी, तिचा सांधा कडीवरच यावा, आणि ओळीनें सारे सांधे एकाच कडीवर येऊं देऊं नयेत. खिळ्याऐवजीं स्क्रू वापरावे. पुढेंमागें एखादी फळी उचलून खालीं पाहावयाचें झाल्यास ती तोडावी लागत नाहीं. फळीच्या कडेस खांच पाडून दुसरीची जीभ तींत बसविणारा सुतार मिळाला तर फारच चांगलें. न मिळाल्यास सांध्यावर खालून पातळ पट्टी मारावी. घरांतील लहान उंदरास पाव इंचाची फट पुरते, हें माप लक्षांत ठेवावें. भिंतीकडेला फळी अगदीं टेंकवूं नये, अर्धा इंच सोडावा. मात्र ती फट बारीक तारेच्या जाळीनें व पट्टीनें बंद करावी. विजेच्या तारा माळ्याखालून गेल्या असल्यास नळींतून घ्याव्या, कारण उंदरांनीं कुरतडलेली तार व वाळलेलें लांकूड यांची गांठ पडणें बरें नव्हे.

जमीन चांगली झाली म्हणजे कशीहि भरावी असें नाहीं. पोत्यांच्या रांगा कड्यांच्या टोकांवर, म्हणजे ज्या भिंतींवर कड्या टेंकतात त्यांच्या बाजूनें लावाव्या, व मधला पट्टा चालण्यास मोकळा ठेवावा. भार टोकाशीं असला कीं कडी कमी वांकते. रांग कड्यांस आडवी यावी, म्हणजे एक पोतें एकाच कडीवर न बसतां ओझें साऱ्या कड्यांत वांटलें जातें. भिंतीपासून वीतभर जागा सोडावी, नाहींतर भिंतीची ओल पोत्यास लागते. दहा क्विंटलांची पत्र्याची कोठी मात्र माळ्यावर कधींच नेऊं नये; तिचा सारा भार हातभर जागेवर येतो. तिची जागा खालच्या जमिनीवर. ज्वारी चढविण्यापूर्वीं पुरती वाळलेली असावी, ओलावा शेंकडा बारांच्या वर नसावा; दाणा दांतांखालीं कट्कन् फुटला पाहिजे.

कांद्याविषयीं बरेच जण विचारतात. पत्र्याच्या छताखालचा माळा उन्हाळ्यांत भट्टीसारखा तापतो, आणि कांद्यास तर पंचवीस ते तीस अंशांची हवा व सर्व बाजूंनीं वारा लागतो. विक्रीचा कांदा चाळींतच ठेवावा. खताच्या गोण्याहि वर नेऊं नयेत, युरिया हवेंतील ओल ओढून घेतो. कीटकनाशकांविषयीं तर बोलावयासच नको.

आणखी एका गोष्टीसाठीं मी वाचकांचा थोडा अधिक वेळ घेतों, कारण ती जिवावरची आहे. धान्यांत घालावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कित्येक घरांत सहज वापरल्या जातात. त्या गोळीस हवेंतील ओल लागली कीं फॉस्फिन नांवाचा विषारी वायु सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें एक ग्रॅम. हा वायु हवेपेक्षां किंचित् जड आहे. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून तो खालीं उतरतो, आणि खालीं निजलेल्या माणसांस, विशेषतः मुलांस, मळमळ व गुंगी येऊन सकाळ होण्यापूर्वीं घात होऊं शकतो. फळ्या कितीहि नीट बसविल्या तरी त्या वायूस अडवितील असें समजूं नये. या गोळ्या प्रशिक्षित माणसांकडूनच वापरल्या जाव्यात असा सरकारी निर्बंध आहे, व तो योग्य आहे. ज्या माळ्याखालीं कोणी निजतें तेथें या गोळ्या मुळींच घालूं नयेत. घरच्या धान्यास कडक ऊन, निंबाचा वाळलेला पाला व घट्ट झांकण एवढें पुरे करावें. अधिक धान्य असेल तर तें घराबाहेरच्या गोदामांत ठेवावें.

माळा भरल्यावर एक साधी तपासणी करावी. मधल्या कडीच्या दोन्ही टोकांस खालून एकेक खिळा मारून त्यांच्यामध्यें दोरी ताणून बांधावी. माळा रिकामा असतांना कडी व दोरी यांमधील अंतर मध्यावर मोजून भिंतीवर खडूनें लिहावें, भरल्यावर पुन्हां मोजावें, व महिन्यानें पुन्हां. दहा फुटांच्या कडीस सारा झोक अर्ध्या इंचाच्या आंत राहिला तर चिंता नाहीं. पहिल्या आठवड्यांत थोडा झोक येऊन तो थांबतो. थांबला नाहीं, महिन्यानें तो वाढलेला दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पोतीं उतरवावीं. आमच्या घरीं ती दोरी अजून बांधलेली आहे, आणि खडूचे आंकडे दरसाल मी नव्यानें लिहितों.